आईने इसार घेतला नाही

मावला, आदिलाबाद
वैशाखातली दुपार

प्रिय गोपाल,

तुझा चंद्रपूरचा पत्ता बयनाकाकूंकडून घेतला. त्यांनी दोनदा सांगितला आणि मी तिसऱ्यांदा विचारला, तेव्हा त्या म्हणाल्या, "पत्र धाडून राह्यला का रजिस्ट्री करून राह्यला?" तुझी मावशी आहे तशीच आहे. फोन का केला नाही असं तू म्हणशील. फोन केला की तू "हो रे, बघू रे" म्हणून ठेवून देतोस, हे एक. आमच्या घरात कोणी फोनवर बोलू लागलं की बाबा लगेच स्पीकर लावायला लावतात, हे दुसरं. आणि तिसरं म्हणजे, जे सांगायचं आहे ते तोंडाने सांगायला गेलो तर माझी जीभ अडखळते. आधी कच्चं लिहिलं, आता पक्कं करतो आहे. पण गोष्ट अशी आहे की पक्क्या अक्षरातही मला ती खरी वाटत नाही.

विहिरीकडच्या दोन एकरांत यंदा उन्हाळी सांबार टाकला होता. बाजारात बोली लागते त्या हर्राजीत त्याला कोत्तिमीर म्हणून पुकारतात, शाळेच्या पुस्तकात कोथिंबीर होती, आपला तो सांबार. वर हिरवी जाळी बांधली, फवाऱ्याने पाणी दिलं. पीक असं आलं की बांधावरून जाणारा माणूस उगाच थांबून चौकशी करी. बाबांचा स्वभाव तुला ठाऊक आहे. वांगी, भेंडी रोज गाडीने बाजारात जाते, आधी तुझ्या, आता दुसऱ्याच्या, ते वेगळं, पण सांबारासारखं एकदम हाती येणारं पीक ते कायम गुत्त्याने देतात. व्यापाऱ्याने उभं पीक पाहायचं आणि एक ठोक रक्कम बोलायची. मग तोडणी त्याची, गाडी त्याची, ऊन त्याचं आणि भावही त्याचाच. उद्या भाव दुप्पट झाला तरी आपल्याला काही मिळत नाही, मातीमोल झाला तरी आपलं काही जात नाही. "ताटातली भाकर आपली, तव्यावरची चुलीची," असं बाबा म्हणतात. मीही त्यांचाच मुलगा. दाराची कडी लावली की नाही हे मी दोनदा उठून पाहतो. दहावीपर्यंत मराठीत निभावलं, इंटरला सगळं इंग्रजी आणि तेलुगू आलं, पास होण्याची खात्री वाटेना म्हणून दिवाळीआधीच पुस्तकं बांधून घरी आलो. तेव्हा तू हसला होतास. मला त्याचा राग नाही.

यंदा खात्रीच्या पैशाची गरज जास्त होती. बयनाकाकूंनी तुला कळवलंच असेल, नसेल तर मी कळवतो. आमच्या सपनाचं लग्न ठरत आलं होतं. गुडीहत्नूरचे अमृतराव, ज्यांचं खताचं दुकान आहे, त्यांचा मुलगा सुरेंद्र. सरकारी खात्यात कायम नोकरी, बोलायला नरम, पानाची सवय नाही. अमृतरावांनी हुंडा हा शब्द तोंडातून काढला नाही. मुलाला आदिलाबादेत प्लॉट घ्यायचा आहे, त्याला दीड लाखाचा हातभार लावा, तोही साक्षगंधाला, साखरपुड्याच्या दिवशी, एवढंच म्हणाले. आणि नेमके त्याच आठवड्यात निजामाबादचे सेठ सांबार पाहायला आले आणि एक लाख साठ हजार बोलले. बाबांना वाटलं, देवानेच आकडा लावून दिला.

आमच्या घरची रीत तू ओट्यावर बसून पाहिली आहेस. भाव पुरुषांनी करायचा. बाई त्यात बोलत नाही. पण ज्या बाईच्या हातून पहिली मूठ पेरली गेली, तिने शेवटी पदर पुढे करायचा आणि व्यापाऱ्याने इसाराच्या नोटा त्या पदरात टाकायच्या. नोटा पदरात पडल्या की सौदा पक्का, मग कोणी फिरायचं नाही. पदरात पडल्या नाहीत तर कोणताही जुना व्यापारी ते उभं पीक गुत्त्याने घेत नाही. असा माल भरला तर वाटेत गाडी उलटते असं ते मानतात. माझ्या आजोबांच्या आधीपासून हे चालत आलं आहे, आणि आजवर कोणत्या बाईने पदर पुढे केला नाही असं मी ऐकलेलं नाही. असं होऊ शकतं हेच कोणाच्या मनात आलं नव्हतं.

त्या दिवशी चहा झाला, शेजारचे दोघं साक्षीला येऊन बसले, सेठने थुंकी लावून नोटा मोजल्या आणि हात पुढे केला. आई दारात उभी होती. तिने पदर हातात घेतला, आणि कमरेला खोचला. गोपाल, कमरेला खोचला, जसा निंदायला जाताना खोचते तसा. सेठचा हात हवेतच. आधी सगळे हसले. सेठ म्हणाले, "भाभी कू बोलो ना चंपतराव, हाथ दुखरा मेरा." बाबा म्हणाले, "अवं, पदर धर ना, काय पाहून राह्यली?" आई म्हणाली, "या बारीले आपणच तोडू." "काऊन?" "माह्या मनानं घेतलं." एवढंच. मी तिच्या शेजारी उभा होतो. 

सेठ रागावले नाहीत. उलट त्यांनी नोटा अशा घाईने खिशात घातल्या, जणू त्या भाजत होत्या. "भाभी का दिल नई तो माल बी नई," म्हणाले आणि गेले. बाबांना परक्यांसमोर ओरडता येईना. घरात गेल्यावर ते इतकंच म्हणाले, "मनकर्णा, तुले पोरीचं लग्न मोडाचं हाय का?" आई कणीक तिंबत होती. ती म्हणाली, "भाव चढून राह्यला म्हंतात." आईला भावातलं काय कळतं, असं मला वाटलं. बाजाराचा दिवस सोडला तर तिने हर्राज कधी पाहिलेला नाही.

आणि भाव खरंच चढला. दुसऱ्या दिवशी किलोला पन्नासाचे पासष्ट झाले, मग ऐंशी. बाबा पहाटे माझा फोन घेऊन बाजारात जाऊ लागले, नुसता भाव ऐकायला. जो माणूस जन्मभर गुत्त्याने देत आला, तो चहाच्या टपरीवर सांगत सुटला, "आमच्या मनकर्णाले पह्यलेच समजलं होतं." मी रोज सांगत होतो, बाबा, आज अर्धा तरी तोडू, ऊन वाढलं आहे, सांबार फुलावर आला तर कोणी घेणार नाही. मी कागदावर मांडून दाखवलं, त्या दिवशी तोडला असता तर सेठच्या रकमेपेक्षा बरेच जास्त हाती येत होते. बाबा म्हणाले, "भित्र्याचं पीक व्यापारी खाते." माझे बाबा हे म्हणाले! मग ते आईकडे वळून विचारायचे, "काय म्हंतं, थांबू का तोडू?" आणि आई भाकर थापता थापता म्हणायची, "अजून चढल." रोज संध्याकाळी हेच. बाबांचे डोळे चमकायचे. अमृतरावांना दीडच्या जागी दोन देऊ, सपनाला वर एक सोन्याची पोत करू, असं त्यांचं सुरू झालं. सपना मान खाली घालून जुड्या बांधायच्या सुतळ्या कापत बसायची. मला वाटलं, ती लाजते आहे.

मग एका सकाळी बाबा लवकर परत आले आणि ओट्यावर बसून राहिले. बाहेरच्या कुठल्या कुठल्या गावांहून गाड्याच गाड्या उतरल्या होत्या. भाव वीस, दुसऱ्या दिवशी दहा. आम्ही धावत शेतात गेलो. जाळीखाली पांढरी फुलं दिसत होती. दोन दिवसांच्या उन्हात अख्खा तुकडा फुलावर आला होता. जो थोडा कोवळा होता तो तोडला, त्यातून बायांची मजुरी आणि गाडीभाडं निघालं, वर काही नाही. बाकी धने धरायला ठेवून दिला. एक लाख साठ हजार, गोपाल, सेठच्या हातात होते आणि हात आमच्या दारात होता. अमृतरावांना कळायला वेळ लागला नाही. त्यांचा फोन आला, साक्षगंध तूर्त राहू द्या. बाबांनी स्पीकर लावला होता, म्हणून आम्ही सगळ्यांनी ऐकलं.

बाबा दोन दिवस जेवले नाहीत. मी आईवर चिडलो होतो, पण तिच्यासमोर चिडायची मला सवय नाही. तिसऱ्या दिवशी आम्ही दोघं शेतात जाळी सोडत होतो. मी म्हणालो, आई, तुला भावातलं कळत नव्हतं तर बोललीस कशाला. ती गाठ सोडत होती, तिने वर पाहिलंसुद्धा नाही. म्हणाली, "तं काय सांगू? सेठचा पैसा पदरात पडला असता तं पोरगी गेली असती. भाव चढला तं तुह्या बापाचं नशीब, पडला तं पोरीचं. म्हटलं, पाहू." मला आधी समजलंच नाही. मग समजलं आणि मी बांधावर बसलो. मी विचारलं, मग रोज 'अजून चढल' कशाला म्हणत होतीस? ती म्हणाली, "चढून राह्यला होता म्हणून. तोडला असता तं सपलं होतं." हे ती इतक्या सहज म्हणाली, की जणू मीठ जास्त पडलं होतं म्हणून पाणी घातलं.

माझी आई, गोपाल. जी भाजीवालीकडे दोन रुपयांसाठी घासाघीस करायला लाजते. तिने आपल्या हाताने पेरलेलं पीक डोळ्यांदेखत फुलावर जाऊ दिलं. मी म्हणालो, सुरेंद्रमध्ये काय वाईट आहे? "काही नाही," ती म्हणाली. "चांगलाच पोरगा हाय." मग? मग ती जे म्हणाली ते मी जसंच्या तसं लिहितो. "गोपालची गाडी ये तवा पोरगी पाणी घेऊन रस्त्यावर पह्यले पोचे. आता दुसरी गाडी येते तं तिले घागरच सापडत नाही." एवढं बोलून ती हसली आणि माझ्या हातातलं जाळीचं टोक ओढून घेतलं.

मला खरंच माहीत नव्हतं. तू दोन वर्षं रोज आमच्या दारात गाडी उभी केलीस, मी तुझ्या शेजारी बसून बाजारात गेलो, टायर बदलायला मदत केली, आणि मला काही दिसलं नाही. मी कडी पाहत राहिलो. तू गाडी विकून चंद्रपूरला पगारी ड्रायव्हर व्हायला निघालास तेव्हा मी तुझं कौतुकच केलं होतं. हप्त्याची कटकट गेली, महिन्याला ठरलेले पैसे, चांगलं केलंस, असं म्हणालो होतो. आई म्हणते, तू हप्त्याला भिऊन गेला नाहीस. तू बाबांच्या 'नाही'ला भिऊन गेलास. विचारलंच नाही की नकारही मिळत नाही. हे खरं आहे का, ते तुझं तुला ठाऊक. मी आईला विचारलं, तो येईल याची तुला खात्री आहे? ती म्हणाली, "मले काय मालूम. त्यानं तं कधी काही म्हटलंच नाही." म्हणजे बघ. ज्याने आजवर एक शब्द काढला नाही, त्याच्यावर तिने दोन एकर लावले.

मग मी सपनाला विचारलं. आमच्यात असं बोलायची पद्धत नाही, म्हणून मी खूप वेळ उंबऱ्यावर उभा होतो. शेवटी ती म्हणाली, "काय झालं, साप दिसला का?" मी म्हणालो, तुला काय पाहिजे ते सांग. ती आधी हसली. "आजपावेतो कोणी विचारलं का मले? आता पुसाले आला तं चहा ठेव पह्यले." मी खरंच चहा ठेवला. ती भिंतीला टेकून बसली आणि माझ्याकडे न पाहता म्हणाली, "ज्यानं पुसाले पाह्यजे होतं तो चंद्रपूरले पगार मोजत बसला. मी का गाडीमागं धावू?" मग चहा उतू गेला आणि ती मलाच रागावली. तिचे डोळे कोरडे होते, हे मी मुद्दाम लिहितो. ती रडते आहे असं समजून दया म्हणून यायचं असेल तर येऊ नकोस.

इथवर ऐकून तुला वाटेल की आईने डाव जिंकला. मलाही वाटलं होतं. पण गेल्या शुक्रवारी दुपारी अमृतराव आणि सुरेंद्र दोघंही दारात आले. बाबांना वाटलं, पोरगी पाहायला आले तेव्हा दिलेला नारळ परत करायला आले असतील. ते बसले, पाणी प्यायले, आणि सुरेंद्र स्वतः बाबांना म्हणाला, "मामाजी, प्लॉटचं पाहू पुढं. पैशासाठी मी लग्न थांबवणार नाही." अमृतरावांचं तोंड कडू झालं होतं, पण मुलगा हटला नाही. बाबा चक्क उठून उभे राहिले. मी आतल्या दाराशी होतो. माझ्या मागे आई उभी होती. तिने पटकन भिंतीला हात लावला. जे पैसे देऊन ठरणार होतं आणि पैसे बुडवून तिने टाळलं होतं, ते आता बिनपैशाचं परत आलं होतं. आणि घेऊन आला होता तो चांगला मुलगा. त्याचा राग तरी कसा करायचा? ते गेल्यावर बाबा म्हणाले, "पाह्यलं मनकर्णा, देवानं तुही चूक पदरात घेतली."  आता आईकडे लावायला काही उरलेलं नाही.

म्हणून हे पत्र. येत्या सोमवारी बाबा साडी-नारळ घेऊन गुडीहत्नूरला शब्द द्यायला जाणार आहेत, आणि शब्द दिला की ते फिरणार नाहीत. तू रविवारी ये. दुपारच्या आत ये आणि बाबांसमोर बसून विचार. मी तुला खोटी आशा देत नाही. माझं मत विचारशील तर मी सुरेंद्रला निवडलं असतं, आणि हे मी तुला लपवणार नाही. तुझ्याकडे शेत नाही, आता गाडीही नाही. दहापैकी सात-आठ वेळा बाबा नाहीच म्हणतील, वर चार माणसांत तुला बोलतील, ते ऐकून घ्यावं लागेल. आई बोलेल का ते मला माहीत नाही. मी बोलेन. काय बोलेन ते अजून ठरलेलं नाही, पण तुझ्या बाजूला बसेन. सपनाला या पत्राचं काही सांगितलेलं नाही, आईलाही नाही. तू आला नाहीस तर त्यांना काही कळायचं कारण नाही, सोमवारी मी बाबांबरोबर नारळाची पिशवी धरून जाईन आणि सुरेंद्रशी नीट बोलेन, कारण त्याने काही वाईट केलेलं नाही. रविवारी सकाळी पहिल्या बसपासून मी आदिलाबादच्या बस स्टँडवर उभा राहीन. घरून निघताना कुठे चाललास असं आई विचारेल, आणि मला खोटं बोलता येत नाही हे तिला माहीत आहे. तेव्हा विचार करून ये, किंवा विचार न करता ये, पण ये.

तुझाच,
पियुष